हात न उचलता लिहिलेले

वार्षिकांकासाठी ‘संगणकाविषयी काहीतरी’ लिहून द्या, असे संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच देणार होतो. एकतर मी याच महाविद्यालयातून मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस, संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. दुसरे म्हणजे, कला शाखेच्या अंकात संगणकावरचा लेख म्हटला की तो ‘विज्ञान : शाप की वरदान’ या जातीचा होण्याची भीती फार. तसले लेख वाचकांनी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत माझी भर नको. परंतु विचार करता करता ध्यानात आले की गेली वीस वर्षे मी जे काम करीत आहे ते मुळात लेखनाचेच आहे, आणि त्या कामात माझ्या हातून जी सर्वांत मोठी चूक झाली तीही लेखनाचीच चूक होती. तेव्हा त्या चुकीविषयीच लिहावे, हे बरे.

धुळे, शिरपूर, अमळनेर, चोपडा या पट्ट्यातील कापसाचे जिनिंग कारखाने आणि रावेर-सावद्याकडील केळीचे व्यापारी यांना हिशेबाच्या आज्ञावल्या करून देणे हा माझा व्यवसाय. आज्ञावली म्हणजे सर्वजण ज्याला ‘प्रोग्राम’ म्हणतात ती. संगणकाने पहिल्याने काय करावे, मग काय करावे, अमुक झाले तर काय आणि न झाले तर काय, अशा आज्ञांची ती माळ असते. या माळेतील काही आज्ञांचा एक गठ्ठा बांधून त्याला नाव देता येते. त्या गठ्ठ्याला ‘फंक्शन’ म्हणतात. एकदा नाव दिले की पुढे केवळ नाव उच्चारावे, आतील सगळ्या आज्ञा पाळल्या जातात. आईने ‘फोडणी दे’ म्हटल्यावर मुलीला तेल, मोहरी, हिंग, हळद असे वेगळे सांगावे लागत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आता गंमत अशी की संगणकाला या गठ्ठ्यांचे काहीच सोयरसुतक नसते. हजार ओळींचा एकच गठ्ठा करा, नाहीतर वीस-वीस ओळींचे पन्नास करा. उत्तर तेच येते. म्हणूनच आमच्या धंद्यातील बहुसंख्य माणसे, आणि त्यांत मी अग्रभागी, हजार ओळींचा एकच गठ्ठा करून मोकळी होतात. चालले ना? मग झाले तर! माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. जी आज्ञावली चालते परंतु माणसाला वाचता येत नाही ती अर्धवट लिहिलेली समजावी, आणि तिच्यावर कोणाच्या पैशाचा हिशेब सोपवू नये.

हे शहाणपण मला ग्रंथांतून मिळालेले नाही. ते २०१७ च्या हंगामात धुळे जिल्ह्यातील एका जिनिंग कारखान्याच्या कचेरीत, एका वृद्ध शेतकऱ्याच्या समोर मान खाली घालून बसलो असताना मिळाले. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष त्यांचा नव्हता, माझा होता.

कापसाचा हिशेब ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होते. माल उतरला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. दोन्ही वजनांतील फरक हे निव्वळ वजन. मग कापसाचा ओलावा पाहतात. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा पाया धरतात. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत वाढत्या ओलाव्याप्रमाणे भावात कपात होते आणि १२ च्या वर ओलावा असला तर माल घेतच नाहीत. खाजगी कारखानदार आपापला नियम लावतात. आमच्या कारखानदारानेही ८ टक्क्यांचा पाया धरून पुढच्या प्रत्येक टक्क्यामागे भावाच्या एक टक्का कपात ठेवली होती. हंगामाच्या मध्यावर आजूबाजूला चढाओढ वाढली, तेव्हा माल आपल्याकडे यावा म्हणून त्यांनी पाया ८ वरून ९ वर नेला. मला फोन आला, मी आलो, आज्ञावलीत ८ चे ९ केले, चहा घेतला आणि गेलो.

माघ महिन्यात खातेउतारे निघाले. तो उतारा आणि दारावर मिळालेली पट्टी अशी दोन्ही कागदे प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून शिंदखेडा तालुक्यातील एक आबा कचेरीत येऊन बसले. २४ क्विंटल कापूस, भाव ५,०००, ओलावा १० टक्के. पट्टीवर १,१८,८०० रुपये. उताऱ्यावर १,१७,६००. बाराशे रुपये कमी. आबा भांडले नाहीत. ते इतकेच म्हणाले, “कितलं कापं, कोठे कापं, ते दखाड ना भाऊ.”

मला दाखविता आले नाही.

मुनीमजींनी पट्टी उलटी केली, कानावरची पेन्सिल काढली आणि दोन मिनिटांत मांडून दाखविले की उताऱ्यात ओलाव्याचा जुनाच पाया लागला आहे. इकडे मी, ज्याने ती आज्ञावली स्वतःच्या हाताने लिहिली होती, सकाळी अकरापासून पडद्यावर ओळी वरखाली करीत होतो. ‘पट्टी’ नावाचे ते एकच फंक्शन ७४० ओळींचे होते. त्यात काट्याचे वजन होते, ओलावा होता, हमाली होती, उचल आणि तिचे व्याज होते, कागदावर छापण्याची व्यवस्था होती; मध्येच कोणा एका वर्षी कोणा एका व्यापाऱ्यासाठी केलेली सवलतही होती. ओलाव्याची कपात त्यात तीन ठिकाणी होती: दारावरच्या पट्टीसाठी एकदा, पट्टी दुरुस्त करावी लागली तर त्यासाठी दुसऱ्यांदा, आणि खातेउताऱ्यासाठी तिसऱ्यांदा. पहिल्यांदा लिहिलेल्या ओळी मी पुढे दोनदा उतरवून घेतल्या होत्या, कारण त्या क्षणी ते सोपे होते. नियम बदलला तेव्हा दोन जागी ८ चे ९ झाले. तिसरी जागा पाचशे ओळी खाली होती. ती सापडली तेव्हा कचेरीत दिवे लागले होते.

आबांना त्याच संध्याकाळी बाराशे रुपये मिळाले. मालकांनी सगळे उतारे पुन्हा काढायला लावले आणि ज्यांचे कमी पडले होते त्या प्रत्येकाला फरक दिला. त्यांतील बहुतेकांनी तक्रार केलेलीच नव्हती. संगणकातून निघालेला कागद म्हणजे बरोबरच असणार, असे समजून ते गप्प होते. हे मला आबांच्या प्रश्नापेक्षाही जास्त लागले.

धुळ्याला असताना मी अधूनमधून राजवाडे संशोधन मंडळात जात असे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि त्यांनी जन्मभर पायपीट करून जमविलेले कागद सांभाळण्यासाठी ही संस्था उभी राहिली. तिथे मोडी कागद पाहिले म्हणजे प्रथम छाती दडपते. लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगीत जाई. शब्द आणि शब्द यांत जागा नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, परिच्छेद नाही. कुठे नाव संपले आणि कुठे क्रियापद सुरू झाले, हे वाचणाऱ्याने आपल्या बुद्धीने ठरवायचे. असे का? तर लेखणी फारशी उचलावी लागत नाही, हात भरभर चालतो. लिहिणाऱ्याची सोय झाली. वाचणाऱ्याचे हाल पुढच्या शतकांवर गेले. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने जे बावीस खंड छापले, त्यांच्यामागे कागद मिळविण्याच्या श्रमाइतकाच हा श्रमही आहे. सलग ओढलेल्या ओळी फोडून, शब्द मोकळे करून, वाचकाला घास घेता येईल असे करणे हे त्या कामाचे निम्मे अंग. आणि त्यात पथ्य असे की मूळ मजकुराचा अर्थ केसभरही हलता कामा नये.

मोडीच्या कारकुनाला दोष देणे मात्र बरोबर होणार नाही. तो ज्यांच्यासाठी लिहीत होता त्यांना ते वाचता येत होते. मराठीत विरामचिन्हे छापखान्याबरोबर आली. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० ची. म्हणजे आपण आज ज्या पूर्णविरामाला गृहीत धरतो, त्याला मराठीत अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. तेव्हा सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या संगणकलेखनाने अजून धड श्वास घ्यायला शिकू नये, यात नवल ते काय?

तसे पाहिले तर गठ्ठे बांधण्याची कल्पना संगणकाच्या जन्माबरोबरचीच आहे. केंब्रिज विद्यापीठात एड्सॅक नावाचे यंत्र १९४९ मध्ये चालू झाले, आणि तिथे डेव्हिड व्हीलर यांनी एकदा लिहिलेला आज्ञांचा तुकडा पुनःपुन्हा वापरण्याची पद्धत बसविली. अशा तुकड्यांचा संग्रहच त्यांनी ठेवला होता. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांचे त्यावरचे पुस्तक १९५१ मध्ये आले. पुढे १९६८ मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी एक लहानसे पत्र लिहून, आज्ञावलीत या ओळीवरून त्या ओळीवर वाटेल तशा उड्या मारण्याच्या सवयीवर कोरडा ओढला. त्यांची तक्रार मला फार जवळची वाटते: कागदावरची आज्ञावली आणि तिच्यानुसार प्रत्यक्षात घडणारी क्रिया यांतील अंतर जितके वाढते, तितकी माणसाची बुद्धी अपुरी पडते. डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये तुकडे कसे पाडावेत याचा विचार मांडला. कामाच्या क्रमाने तुकडे पाडू नका. ज्या गोष्टी पुढे बदलण्याचा संभव आहे त्यांपैकी एकेक गोष्ट एकेका तुकड्यात झाकून ठेवा, असा त्याचा आशय आहे. ओलाव्याचा नियम बदलणार, हे मला पहिल्या दिवसापासून कळायला हवे होते. तो दर दोन वर्षांनी बदलतो! तो जर एकाच जागी झाकलेला असता तर आबांना एस. टी. चे भाडे खर्चून धुळ्याला यावे लागले नसते.

आणि आधीच लिहून झालेले, चालू असलेले, गुंतलेले लेखन असेल तर? त्याची रचना सुधारायची परंतु त्याचे वागणे तसूभर बदलायचे नाही, या कामाला ‘रीफॅक्टरिंग’ म्हणतात. विल्यम ओपडाइक यांनी इलिनॉय विद्यापीठात १९९२ मध्ये यावर प्रबंध लिहिला, आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने ते नाव सर्वतोमुखी केले. त्या पुस्तकात अशा अनेक लहान लहान दुरुस्त्या नावानिशी दिल्या आहेत. त्यांतील माझ्या उपयोगाची पहिली म्हणजे लांब फंक्शनमधून एक तुकडा बाहेर काढणे, त्याला तो काय करतो ते सांगणारे नाव देणे, आणि मूळ जागी केवळ ते नाव ठेवणे. ऐकायला हे पोरखेळ वाटते.

मलाही तसेच वाटले. आबा गेल्यानंतरच्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने ७४० ओळींवर तुटून पडलो. संध्याकाळपर्यंत सगळे कापून, जोडून, सुंदर करून ठेवले. सोमवारी पहिल्याच गाडीची पट्टी उणे रकमेची निघाली. म्हणजे शेतकऱ्यानेच कारखान्याला पैसे द्यावेत! मुनीमजी हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मी जुनी आज्ञावली परत बसविली.

दुसऱ्या वेळी निराळ्या रीतीने गेलो. मुनीमजींच्या फायलीतून जुन्या दोनशे पट्ट्या निवडल्या. त्यांत सरळ पट्ट्या होत्या, ओल्या कापसाच्या होत्या, उचल घेतलेल्या होत्या, दुरुस्त केलेल्या होत्या, आणि एक तर अशी की जिच्यात गाडी अर्धी रिकामी करून परत नेलेली होती. प्रत्येकीची बरोबर रक्कम मुनीमजींकडून तपासून घेतली. मग एक लहानसा तुकडा बाहेर काढायचा आणि दोनशेच्या दोनशे पट्ट्या यंत्राकडून पुन्हा करून घ्यायच्या. एका पैशाचाही फरक आला तर तुकडा परत जागच्या जागी. फरक नाही आला तर पुढचा तुकडा. असे अडीच महिने चालले. कंटाळवाणे काम! पण या कामाला दुसरा मार्ग नाही, आणि जो कोणी असला तर सांगतो तो दोनशे पट्ट्या न तपासता बोलत आहे, असे खुशाल समजावे.

तुकडे कुठे पाडायचे, हा प्रश्न मात्र मला कोणत्याच इंग्रजी पुस्तकाने सोडवून दिला नाही. तो मुनीमजींच्या कागदी पट्टीने सोडविला. त्यांच्या पट्टीवर एकाखाली एक ओळी असत: भरलेली गाडी, वजा रिकामी गाडी, निव्वळ वजन. भाव. ओलाव्याची कपात. एकूण रक्कम. वजा हमाली, वजा उचल, वजा उचलीचे व्याज. देणे बाकी. प्रत्येक ओळीला नाव आहे, प्रत्येक ओळीचा एक आकडा आहे, आणि कोणाही ओळीवर बोट ठेवून ‘हे कसे आले?’ असे विचारले तर त्या एका ओळीपुरते उत्तर देता येते. ही पट्टी किती पिढ्या चालत आली आहे कोण जाणे. ती अशा माणसांनी घडविली आहे की ज्यांच्यासमोर रोज कोणीतरी येऊन ‘कोठे कापं?’ असे विचारीत होते. मी माझे फंक्शन तिच्याप्रमाणे केले. आता त्यात जेमतेम दहा ओळी आहेत, आणि त्या वाचल्या म्हणजे पट्टी वाचल्यासारखे वाटते. ओलाव्याची कपात एका जागी, एका नावाखाली आहे. दारावरची पट्टी, दुरुस्ती आणि खातेउतारा हे तिघेही तिच्याकडेच येऊन विचारतात.

नाव देणे हे या सगळ्या व्यवहारातील अवघड काम. तुकडा पाडणे हाताचे, नाव देणे डोक्याचे. इथे मात्र मराठीच्या वर्गात काढलेली तीन वर्षे कामी आली, हे मी प्रांजळपणे सांगतो. ‘दासबोध’ आठवा. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, आणि प्रत्येक समासाला नाव. ‘मूर्खलक्षण’ वेगळे, ‘पढतमूर्खलक्षण’ वेगळे. समर्थांनी दोन्ही मूर्ख एकाच लांब समासात कोंबले असते तर आज आपल्याला पढतमूर्ख हा शब्द इतक्या सहजपणे एखाद्याला लावता आला नसता! एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनक्रियेवरच आहे. अक्षर पहिल्यापासून अखेरपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे असावे, आणि पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहील, असा त्यातील उपदेश आहे. पुढे कोणीतरी हे पान हाताळणार आहे, कागद झिजणार आहे, याची जाणीव ठेवून लिहिणे म्हणजे काय, ते मला त्या समासात दिसते. मी ७४० ओळी लिहिल्या तेव्हा पुढे कोणी पान उलटणार आहे, हे माझ्या गावीही नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी दारातले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आज ‘गीता प्रवचने’ उघडले तर बोललेल्या शब्दांचा तो ओघ जसाच्या तसा अखंड सोडलेला दिसत नाही. अठरा अध्यायांची मिळून १०८ अधिकरणे पाडलेली आहेत, प्रत्येकाला मथळा आहे, आणि परिच्छेदांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग क्रमांक आहेत. ते ४३२ पर्यंत जातात. बोलण्यातील एकही विचार या मथळ्यांनी बदलला नाही. परंतु खेड्यातील अल्पशिक्षित वाचकाला आज दोन परिच्छेद, उद्या तीन, असे ते पुस्तक झेपते, आणि कोणी वाद घातला तर ‘अमुक क्रमांक पाहा’ असे बोट ठेवता येते. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्या श्वासाची लांबी ओळखणे, असे याला म्हणता येईल.

आता एक कबुली. नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो म्हणतात, त्यातला माझा प्रकार झाला. पट्टीचे काम यशस्वी झाल्यावर केळीच्या एका व्यापाऱ्याची आज्ञावली मी हाती घेतली आणि तिचे इतके बारीक तुकडे केले की एकेक फंक्शन तीन ओळींचे झाले. रॉबर्ट मार्टिन यांच्या २००८ च्या ‘क्लीन कोड’ या पुस्तकात फंक्शन वीस ओळींच्याही आत असावे, असा आग्रह आहे. मी त्यांच्याही चार पावले पुढे गेलो. माझ्या हाताखाली जळगावचा एक मुलगा काम करतो. तो दोन दिवस ती आज्ञावली वाचून म्हणाला, “दादा, हे पुस्तक म्हणजे नुसत्या तळटीपा आहेत. एका तळटीपेत लिहिलंय दुसरी पाहा, दुसरीत लिहिलंय तिसरी पाहा. मजकूर कुठंय?”

त्याचे खरे होते. घडाची वजनाप्रमाणे प्रतवारी करून रक्कम काढणे ही एकच गोष्ट होती. ती मी नऊ तुकड्यांत वाटून टाकली होती, आणि त्यांपैकी एकही तुकडा दुसऱ्यावाचून कळत नव्हता. मी ते पुन्हा जोडून चाळीस ओळींचे एकच फंक्शन केले. जॉन औस्टरहाउट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी २०१८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात याच मुद्द्यावर मार्टिनपंथीयांशी उघड मतभेद मांडला आहे. लहान करण्यासाठी म्हणून लहान करू नका, असे ते सांगतात. तेव्हा ओळी मोजणाऱ्यांचे मला पटत नाही. माझी कसोटी मराठीच्या विद्यार्थ्याची आहे. तुकड्याला नाव द्यायला बसावे. नावात ‘आणि’ आल्यावाचून राहात नसेल तर ते दोन तुकडे आहेत. आणि नावच सुचत नसेल, ‘भाग १’, ‘भाग २’ असे लिहावेसे वाटत असेल, तर तो तुकडा नाहीच. चुकीच्या जागी घातलेला घाव आहे तो.

कोणी म्हणेल, हे सगळे आता शिळे झाले. आज यंत्रेच आज्ञावल्या लिहून देतात. मागितले की पुढ्यात! हे खरे आहे. माझा तो जळगावचा मुलगा परवा अशाच एका यंत्राकडून तीनशे ओळी लिहून घेऊन आला. चालवून पाहिल्या, चालल्या. मी त्याला आबांचा प्रश्न विचारला. एका आकड्यावर बोट ठेवले आणि म्हटले, हे कुठे कापले ते दाखव. त्याने तासभर वरखाली केले. लिहिणारा हात माणसाचा असो वा यंत्राचा, तो न उचलता चालला की पुढे हेच होते. उलट यंत्राचा हात थकत नाही म्हणून ओळी अधिकच लांबतात. पूर्वी निदान लिहिणाऱ्याला स्वतःच्या लेखनाची थोडी आठवण असे. आता वाचणे हेच काम उरत चालले आहे, आणि वाचायला कोण शिकवितो? माझ्या क्षेत्रात येणारी बहुतेक मुले चिन्हे आणि नियम उत्तम शिकून येतात. परंतु एखादा उतारा वाचून त्यातील विचार कुठे वळला, लेखकाने एक गोष्ट दोनदा का सांगितली, मथळा मजकुराला शोभतो की नाही, हे पाहण्याची सवय त्यांना नसते. ती सवय आपल्या बी. ए. च्या वर्गात लागते. निदान लागायला हवी. रसग्रहणाचे तयार प्रश्नसंच पाठ करून ती लागत नाही, हे ओघाने आलेच.

म्हणून या महाविद्यालयातील ज्या विद्यार्थ्यांना वाटते की आपण कला शाखेचे, आपल्याला त्या खोलीत कोण घेणार, त्यांनी एकदा एखादी खरी आज्ञावली उघडून वाचून पाहावी. चिन्हांचा बाऊ चार-सहा महिन्यांत जातो. त्यानंतर जे उरते ते आपल्या ओळखीचे असते: पसरट निबंध, उसनी वाक्ये, चुकलेले मथळे. मी हे नोकरीचे आमिष म्हणून सांगत नाही. नोकरीची हमी आजकाल कोणत्याच शाखेत नाही.

आबा पुढच्या हंगामात पुन्हा कापूस घेऊन आले होते. पट्टी हातात पडल्यावर त्यांनी ती दाराशीच उन्हात धरून एकेक ओळ वाचली. ओलाव्याच्या ओळीपाशी बोट थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी पडद्यावर तोच तुकडा उघडून दाखविला. त्यांना त्यातले अक्षरही कळले नसेल, पण तो लगेच उघडला, एवढे त्यांनी पाहिले आणि पट्टी पिशवीत ठेवली.

उचलीच्या व्याजाचा भाग मात्र अजून जुनाच आहे. १४० ओळी, सलग. त्यात अधिक मासाचे काहीतरी आहे आणि अर्धवट फेडलेल्या उचलींचे काहीतरी आहे, आणि ते तसे का आहे हे ज्यांना ठाऊक होते ते मुनीमजी आता निवृत्त होऊन साक्रीला मुलाकडे राहतात. पावसाळ्यात कारखाना बंद असतो. तेव्हा त्यांच्याकडे जुन्या पट्ट्यांची फाईल घेऊन जायचे ठरविले आहे. त्यांना दिसायला कमी लागले आहे, म्हणून पट्ट्या मोठ्या अक्षरांत छापून नेणार आहे.